कोणीतरी करील!

बी. ए. च्या द्वितीय वर्षास मी मानसशास्त्र हा विषय घेतला तेव्हा आमच्या घरी थोडी चिंतेचीच हवा पसरली होती. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. आजीला वाटले, हे वेड्यांच्या दवाखान्याचे शिक्षण असावे आणि त्यामुळे पोरीचे लग्न अडेल. आईने विचारले, "त्यात माणसाच्या मनातलं ओळखता येतं का गं?" मी "थोडंफार" असे सांगून वेळ मारून नेली. आता वर्ष संपत आले. दुसऱ्याच्या मनातले ओळखता येत नाही ते नाहीच. पण आपल्या मनाने आपल्यालाच कसे फसविले हे मात्र मागाहून कळू शकते. प्रस्तुत लेखात अशाच एका फसवणुकीची हकीकत सांगून ती समजून घेण्यासाठी जे वाचले ते माझ्या अल्पमतीप्रमाणे मांडणार आहे. गुरुजनांनी चुका पदरात घ्याव्यात.

मी प्रथम वर्षाला असतानाची, डिसेंबर महिन्यातील गोष्ट. वैजापूरच्या बसस्थानकावर मी शिऊरकडे जाणाऱ्या साडेपाचच्या गाडीची वाट पाहत उभी होते. ही गाडी चुकली तर पुढची केव्हा येईल याचा नेम नसतो, आणि अंधार पडल्यावर फाट्यापासून गावापर्यंत एकटीने चालत जायचे म्हणजे घरी बोलणी खायची. माझ्यापासून तीन पावलांवर बाकावर एक म्हातारबाबा बसले होते. धोतर, टोपी, मांडीवर कापडी पिशवी. बसल्या जागीच ते एका अंगाला कलले आणि खाली आले. पिशवीतली औषधाची बाटली घरंगळत गेली.

आम्ही तेथे तीस-चाळीस माणसे तरी होतो. सगळ्यांनी पाहिले. कोणी "अरेरे" म्हणाले, कोणी "चक्कर आली वाटतं" म्हणाले, दोघांनी मोबाईल काढला. माझ्या पिशवीत पाण्याची बाटली होती. मी ती बाहेर काढली नाही. मनात आले, यांच्याबरोबर कोणीतरी असेलच, एस. टी. चे कोणी येतीलच; एवढे मोठे पुरुष उभे आहेत, ते पाहतील. तेवढ्यात गाडी लागली आणि मी, होय मीच, गर्दीत रेटारेटी करून आत चढले व खिडकीची जागा धरली.

खिडकीतून पाहिले तो फाटकाजवळ पेरूची पाटी घेऊन बसणारी बाई तेथे आलेली होती. तिने म्हाताऱ्याचे डोके मांडीवर घेतले होते व ती ओरडत होती, "ए निळ्या शर्टा! हां, तूच! रिक्षा आण. अन् तू गं, पाणी दे इकडं." ज्यांना ती म्हणाली ते दोघेही एकदम हलले. मघापासून पुतळ्यासारखा उभा असलेला तो निळ्या शर्टाचा मुलगा चक्क धावत गेला. माझी गाडी सुटली. त्या रात्री मला भाकरी गेली नाही, आणि का ते मी घरी सांगितलेही नाही.

मी वाईट मुलगी आहे काय? हा प्रश्न मला कितीतरी दिवस छळत होता. त्याचे उत्तर, किंवा उत्तराचा एक तुकडा, मला मानसशास्त्राच्या तासाला मिळाला.

१९६४ साली न्यूयॉर्क शहरात किटी जेनोव्हीज नावाच्या तरुणीचा रात्री खून झाला. अडतीस माणसे पाहत राहिली व कोणी काही केले नाही, अशी बातमी तेथील वृत्तपत्राने छापली. ही संख्या फुगविलेली होती, असे पुढे उघड झाले. पण त्या बातमीने जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांना विचारात पाडले. लोक म्हणत होते, शहरातील माणसे दगड झाली आहेत. या दोघांनी वेगळाच प्रश्न विचारला: पाहणारे पुष्कळ होते म्हणूनच तर कोणी पुढे आले नाही, असे नसेल ना?

त्यांचा १९६८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग असा. विद्यार्थ्यांना एकेकट्याने वेगवेगळ्या खोल्यांत बसविले व ध्वनियंत्रावरून एकमेकांशी बोलावयास सांगितले. बोलता बोलता एका 'विद्यार्थ्याला' झटका आल्याचा आवाज ऐकू येई. हा आवाज अर्थातच आधी मुद्रित केलेला होता. ऐकणारे आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांपैकी शंभरांत ८५ जण झटका संपण्याच्या आत मदतीसाठी बाहेर पडले. आणखी चौघे जण ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यात हे प्रमाण ३१ वर आले. माणसे तशीच, संकटही तेच. फरक एवढाच की जबाबदारी पाच जणांत वाटली गेली. पाच जणांत भाकर वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला तुकडा तरी येतो. जबाबदारी वाटली की बहुधा कोणाच्याच वाट्याला काही येत नाही.

पण या प्रयोगातील जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती आकड्यांची नव्हे. जे विद्यार्थी मदतीला गेले नाहीत ते बेफिकीर नव्हते. संशोधक खोलीत गेले तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम होता, आणि "तो बरा आहे ना?" असे तेच विचारीत होते. हे वाचताना मला खिडकीच्या गजावरचे माझे हात आठवले. म्हणजे दया नव्हती असे नाही. दया होती, भीतीही होती आणि लाजही होती. मी पुढे झाले आणि त्यांना काहीच झालेले नसले तर? लोक हसतील. आणि गंमत अशी की तेथे उभा असलेला प्रत्येक जण दुसऱ्याच्या शांत चेहऱ्याकडे पाहून 'त्या अर्थी फारसे काही नसावे' असा अर्थ काढीत असतो. चाळीस घाबरलेली माणसे एकमेकांना शांत दिसतात.

याच डार्ली यांनी डॅनियल बॅटसन यांच्यासह १९७३ साली दुसरा एक प्रयोग प्रसिद्ध केला. धर्मोपदेशक होण्याचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे भाषण देण्यास पाठविले. काहींच्या भाषणाचा विषय तर बायबलमधील त्या परक्या वाटसरूची गोष्ट हा होता, ज्याने रस्त्यात पडलेल्या माणसाला उचलले. वाटेत दारापाशी एक मनुष्य विव्हळत पडलेला असे. ज्यांना भरपूर वेळ आहे असे सांगितले होते त्यांपैकी शंभरांत ६३ जण थांबले; ज्यांना उशीर झाला आहे असे सांगितले होते त्यांपैकी फक्त १०. भाषणाचा विषय काय आहे याने फारसा फरक पडला नाही. परोपकारावर बोलावयास निघालेले काही जण त्या माणसाला ओलांडून गेले! माझ्या साडेपाचच्या गाडीचा हिशोब येथे लागतो. मी ही सबब म्हणून सांगत नाही, कारण तीच गाडी त्या निळ्या शर्टाच्या मुलालाही गाठावयाची असेल.

एकाच बाजूचे सांगणे बरे नव्हे. २०१९ साली इंग्लंड, नेदरलँड्स व दक्षिण आफ्रिका येथील रस्त्यांवरील कॅमेऱ्यांत टिपलेली २१९ भांडणे तपासण्यात आली, तेव्हा दहांपैकी नऊ प्रसंगांत कोणी ना कोणी मध्ये पडलेले आढळले. गर्दीतील एक विशिष्ट मनुष्य पुढे येण्याची शक्यता कमी असते. परंतु गर्दी मोठी असेल तर त्यातून एखादी पेरूवाली निघण्याची शक्यता वाढते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे पोलीस आणि दवाखाना यांचे लचांड. आमच्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी जांबरगाव टोलनाक्याजवळ झालेल्या अपघातात १२ जीव गेले, ते येथे कोणीही विसरलेले नाही. रस्त्यावर पडलेल्याला हात लावला तर आपणच अडकू, असे आमच्या गावातील शहाणीसुरती माणसे अजूनही सांगतात. वस्तुस्थिती अशी की २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात घातलेल्या १३४ अ या कलमाने, अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. त्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ पासून आहे. हे वर्गातील कितीजणांना ठाऊक आहे म्हणून मी सहज विचारले, तर १०८ सर्वांना ठाऊक होते व कलम कोणालाच नव्हते. मलाही हा लेख लिहिण्यापूर्वी नव्हते.

आता प्रश्न असा की आमच्या आजी-आजोबांच्या काळात माणसे एकमेकांना मदत करीत ती काय जास्त चांगली होती म्हणून? आजीला विचारले तर ती "हो" म्हणते. मला तसे वाटत नाही. १९७२ च्या दुष्काळात आजी नवी नवरी होती. ती खडी फोडण्याच्या कामावर जाई. मिलोची लाल भाकरी आणि सुकडी यांच्या गोष्टी ती अजून सांगते, आणि पाण्याच्या घागरीवरून झालेली भांडणेही सांगते. माणसे तेव्हाही माणसेच होती. पण त्यांच्याजवळ इर्जिक होती. पुढे आजोबांचा एक बैल मेला तेव्हा गावातले अकरा जण आपापले औत घेऊन आमच्या रानात आले व एका दिवसात नांगरट झाली. आजीने पुरणाचे जेवण घातले. ते कर्ज काढून घातले, हेही ती सांगते.

इर्जिकीकडे मानसशास्त्राच्या नजरेने पाहिले तर ती बसस्थानकाच्या अगदी उलट आहे. येथे 'कोणीतरी' नावाचा माणूसच नसतो. प्रत्येकाचे नाव ठाऊक, प्रत्येकाची बैलजोडी ठाऊक, आणि कोणाचे औत आले नाही हे संध्याकाळी सर्व गावाला ठाऊक. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहाला गावोगावच्या घरांतून भाकरी जातात आणि आमटी तेथे शिजते. त्यातही आमच्या घरच्या वाट्याच्या भाकरी आई मोजून थापते. "सर्वांनी भाकरी आणाव्यात" एवढेच सांगितले असते तर किती जमल्या असत्या, याची मला शंका आहे. दुसरे असे की इर्जिकीत घेणाऱ्याची मान खाली जात नाही. तो जेवण घालतो आणि उद्या त्याचेही औत दुसऱ्याच्या रानात जाणार असते. आता आमच्या गावात ट्रॅक्टर तासावर मिळतो. काम लवकर होते, हे चांगलेच. पण ज्याच्याजवळ तासाचे पैसे नाहीत त्याने कोणाला हाक मारावी, हे आता ठरलेले नाही.

मदत मागणे हे मदत करण्यापेक्षाही कठीण असते. येथेही आपले मन आपल्याला फसविते. फ्रान्सिस फ्लिन व व्हेनेसा लेक यांनी २००८ साली असे दाखविले की, पाच अनोळखी माणसांकडून एक प्रश्नावली भरून घेण्यासाठी सुमारे वीस जणांना विनवावे लागेल असा विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे दहांनाच विचारावे लागले. आपण समोरच्याचा नकार दुपटीने मोठा धरून चालतो.

हे मला स्वतःच्या अनुभवाने पटले. प्रथम सत्रात मी इंग्रजीत नापास झाले. आमच्या घरात इंग्रजीचे एक अक्षर कोणी उच्चारलेले नाही, तेव्हा हे आपल्या रक्तातच नाही असे मी ठरवून टाकले व पुस्तक मिटले. या मनःस्थितीला शास्त्रात 'शिकलेली असहायता' असे म्हणतात. १९६७ च्या सुमारास मार्टिन सेलिग्मन व स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले (ते वाचताना वाईट वाटते). ज्या कुत्र्यांना विजेचे धक्के थांबविण्याचा काहीच उपाय नव्हता, त्यांपैकी बहुतेकांनी पुढे सुटकेचा सोपा मार्ग समोर असूनही उडी मारली नाही. ते पडून राहिले. या कल्पनेवर पन्नास वर्षे पाठ्यपुस्तके लिहिली गेली. आणि २०१६ साली त्याच दोघांनी, मेंदूचा अभ्यास करून, आपलेच म्हणणे उलटे होते असे लिहिले! सतत वाईट घडत राहिले तर गळून जाणे ही प्राण्याची मूळ प्रतिक्रियाच आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावे लागते ते 'माझ्या करण्याने फरक पडतो' हे. पन्नास वर्षांनी स्वतःची चूक छापून सांगणारी ही माणसे मला फार मोठी वाटतात.

ती कुत्री बरी कशी झाली? त्यांना दोरीने ओढून पुन्हा पुन्हा पलीकडे न्यावे लागले. खाऊ दाखवून, हाका मारून भागले नाही. पुष्कळ वेळा ओढल्यावर केव्हातरी ती स्वतः उडी मारू लागली. चिकाटीवर व्याख्याने देणारे पाहुणे आपल्या महाविद्यालयात दरवर्षी येतात. 'मनात आणा म्हणजे होईल' असे सांगून जातात. मला त्यांच्याविषयी आदर आहे, पण ते हाका मारणाऱ्यांपैकी आहेत. मला ओढले ते माझ्या मैत्रिणीने. तिला मी विचारलेच नसते, तिनेच माझे मिटलेले पुस्तक पाहिले. रोज गाडी येईपर्यंत बाकावर एक परिच्छेद, एवढाच नेम. पहिले दोन महिने मला काही येत नव्हते. दुसऱ्या प्रयत्नात मी काठावर पास झाले.

मदत करणाऱ्यालाही काही मिळते काय? कॅनडातील एका प्रयोगात (२००८) विद्यार्थ्यांना सकाळी थोडे पैसे दिले. काहींनी ते स्वतःवर खर्चावयाचे होते व काहींनी दुसऱ्यावर. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारे अधिक आनंदी आढळले, मग रक्कम पाच डॉलर असो की वीस. माझी मैत्रीण म्हणते की मला शिकविताना तिचेच व्याकरण पक्के झाले. मात्र एक सांगितले पाहिजे. हा आनंद स्वखुशीने दिल्याचा असतो. आमच्या आळीत कोणाचेही बाळंतपण असो, दुखणे असो, आई जाते. तिला ते काम कोणी विचारून सांगत नाही, तिने जायचे हे ठरलेलेच आहे. आणि तिचे स्वतःचे अंग दुखते तेव्हा कोणी येत नाही. तिला संध्याकाळी आनंद होतो का, हे मोजावयास अजून कोणी आलेले नाही.

बाबा आमटे यांचे नाव येथे न घेणे अशक्य आहे. वरोड्यात पावसात गटाराजवळ पडलेला तुळशीराम नावाचा महारोगी पाहून ते प्रथम भीतीने पळून गेले होते. त्या पळण्याची त्यांना एवढी लाज वाटली की ते परत आले, त्याची सेवा केली, १९४९ साली कलकत्त्यास जाऊन महारोगाचे शिक्षण घेतले आणि पुढे आनंदवन उभे राहिले. आनंदवनातही त्यांनी रोग्यांना भीक दिली नाही. नांगर, माग व हातोडा दिला. त्यांच्याशी स्वतःची तुलना करण्याचा वेडेपणा मी करीत नाही. पण पळून गेलेला माणूस परत येऊ शकतो, एवढे मला त्यांच्या चरित्रातून हवे होते ते मिळाले.

असो. वर्षभराने, या डिसेंबरात मी त्या पेरूवाल्या मावशींजवळ गेले. सर्व सांगितले. त्या म्हणाल्या, "कोणता म्हातारा गं? इथं महिन्याला एखादं पडतंच." मग थोडे आठवले तसे म्हणाल्या, "रिक्षानं सरकारी दवाखान्यात नेला. पुढचं नाही बाई ठाऊक." तुम्ही त्या मुलाकडेच बोट का दाखवलेत, असे विचारले, तर म्हणाल्या, "समद्यायला म्हणलं की कुणीच येत नाही. एकाला धरायचं." डार्ली व लाताने यांचे प्रयोग वाचल्यावर जाणकार जो उपाय सांगतात, तो नेमका हाच आहे.

शेवटी घरची एक गोष्ट सांगते, कारण या अभ्यासाचा खरा उपयोग मला तेथे हवा होता. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात जो पाऊस झाला त्यात आमची कपाशी पाण्यात उभी राहून सडली. वडील बोलेनासे झाले. सकाळी उठून ओट्यावर बसत, ते दुपारपर्यंत तसेच. रानात जात नसत. आई म्हणे, "लई इचार करू नका." झिंबाब्वेमध्ये लोकांच्या भाषेत खिन्नतेच्या आजाराला जो शब्द आहे त्याचाही अर्थ 'फार विचार करणे' असाच आहे, हे मी वाचले तेव्हा चकित झाले. तेथे डिक्सन चिबांडा या डॉक्टरांनी २००६ साली आज्यांना शिकवून दवाखान्याबाहेर बाक टाकला, व त्या बाकावर लोक आपले मन मोकळे करू लागले. आपल्या शेजारी गोव्यातही डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवून असे काम झाले आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तेथील अभ्यासात, सहा ते आठ भेटींनंतर शंभरांत ६४ रोगी सावरलेले आढळले. ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले त्यांच्यात ३९. त्या भेटींत मुख्य भर असा की मन बरे होण्याची वाट पाहत बसावयाचे नाही. आधी एखादे लहान काम ठरवून करावयाचे, मन मागाहून येते. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, मराठीतही बोलता येते. मी तो क्रमांक वहीच्या कागदावर लिहून वडिलांना दिला. "मला काय झालंय?" म्हणून त्यांनी तो टोपीत ठेवला. अजून फोन केलेला नाही. पण कागद फेकलेलाही नाही, धुण्याच्या वेळी आईने पाहिला.

शेजारच्या नानांनी मात्र एक केले. दिवाळीनंतर एका सकाळी ते आमच्या ओट्यापाशी आले आणि वडिलांना म्हणाले, "ऊठ. माझी कांद्याची लागवड खोळंबली, एक माणूस कमी पडतोय. तुझ्याबिगर व्हायचं नाही." वडील थोडा वेळ बसून राहिले, मग उठले व त्यांच्यामागे गेले. दुसऱ्या दिवशी नाना पुन्हा आले. आठ दिवस ते रोज येत होते. लागवड संपल्यावर वडील आपल्याच रानाच्या बांधावर उभे असलेले मी गाडीतून पाहिले. नानांचे सर्व मुलगे घरीच असतात आणि त्यांना माणूस कमी पडण्याचे काही कारण नव्हते. हे त्यांना कोणी शिकविले, ते मी अजून विचारलेले नाही.